इंकस्केपमध्ये नेमकं हवं तेच सिलेक्ट कसं करायचं

इंकस्केप हे व्हेक्टर ड्रॉइंगचं, म्हणजे रेषा आणि आकारांनी चित्र काढण्याचं सॉफ्टवेअर. व्हेक्टर ड्रॉइंगमध्ये रंग बदलणं, आकार वाढवणं, फिरवणं ही सगळी कामं क्षणात होतात. वेळ जातो तो हवी ती वस्तू पकडण्यात. आपण स्वतः काढलेले चार गोल आणि दोन चौकोन सिलेक्ट करायला कोणालाच अडचण येत नाही. दुसऱ्याने बनवलेली फाईल हातात आली की मात्र पान क्लिकला दादच देत नाही. एका पाकळीवर क्लिक करावं तर सगळी किनार उचलली जाते, अक्षर पकडायला जावं तर मागची पार्श्वभूमीच सरकते.

म्हणून या लेखात उदाहरणासाठी अशीच एक फाईल घेऊ: लग्नपत्रिकेची पीडीएफ. वर गणपती, चारही बाजूंना वेलबुट्टीची किनार, मध्ये ‘शुभविवाह’, खाली वधूवरांची नावं, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता. गेल्या वर्षीच्या पत्रिकेची ही फाईल इंकस्केपमध्ये उघडून तिची पानं-फुलं सोनेरी करायची आहेत, लाल रंगाचा मरून करायचा आहे आणि मजकूर बदलायचा आहे. मेनूची नावं इंकस्केप १.२ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांप्रमाणे दिली आहेत. मे २०२२ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीत लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) आणि ऑब्जेक्ट (चित्रातली प्रत्येक वस्तू) यांचं एकच पॅनेल झालं, आणि या कामात त्या पॅनेलचा मोठा आधार आहे.

आधी खालची पट्टी वाचायची सवय

डावीकडच्या टूलबॉक्समधला सगळ्यात वरचा काळा बाण म्हणजे सिलेक्टर टूल. शॉर्टकट एस किंवा एफ१. कीबोर्ड मराठीवर असताना एकाक्षरी शॉर्टकट चालला नाही किंवा टेक्स्ट टूल चालू असताना एस दाबल्यावर अक्षरच टाइप झालं, तर एफ१ वापरा. मराठी मजकुराचं काम करणाऱ्यांनी एफ१ आणि नोड टूलसाठी एफ२ या दोन कळा बोटांत बसवून घ्याव्यात.

आता पत्रिकेवर कुठेही क्लिक करा आणि लगेच खिडकीच्या तळाशी असलेल्या स्टेटस बारकडे बघा. तिथे इंकस्केप स्पष्ट लिहितं: काय सिलेक्ट झालं आहे, किती आहे, कोणत्या लेअरमध्ये आहे. पाथ (रेषांनी बनलेला आकार) असेल तर त्यात किती नोड (रेषेवरचे बिंदू) आहेत ते दिसतं. ग्रुप (एकत्र बांधलेल्या वस्तू) असेल तर त्यात किती ऑब्जेक्ट आहेत ते दिसतं. वस्तू क्लिप केलेली, म्हणजे दुसऱ्या आकाराने तिचा काही भाग झाकलेला, असेल तर पुढे ‘क्लिप्ड’ असा उल्लेख येतो. शिकणाऱ्यांपैकी बहुतेक जण ही पट्टी वाचतच नाहीत, आणि माझ्या मते सिलेक्शनचे निम्मे घोटाळे तिथेच सुरू होतात. पडद्यावर तुटक रेषांची चौकट दिसली म्हणून आपल्याला हवी ती वस्तू पकडली गेली असं होत नाही. चौकट पाकळीभोवती असली तरी ती पाकळीची आहे की पाकळी आणि तिच्या सावलीच्या ग्रुपची, हे फक्त पट्टी सांगते.

पीडीएफ उघडल्यावर पहिल्या क्लिकला बहुधा सगळं पानच एका ग्रुपमध्ये असल्याचं दिसेल. लगेच अनग्रुप, अनग्रुप करत सुटू नका. का ते पुढे येईल.

क्लिक, शिफ्ट, एस्केप

एक क्लिक केला की वस्तू सिलेक्ट होते. त्याच वस्तूवर पुन्हा क्लिक केला की कोपऱ्यांवरचे बाण बदलतात: आधी आकार लहानमोठा करण्याचे, मग फिरवण्याचे आणि तिरकं करण्याचे. सिलेक्शन तेच राहतं.

शिफ्ट धरून क्लिक केलं की नवीन वस्तू आधीच्या सिलेक्शनमध्ये जमा होते. आधीच सिलेक्ट असलेल्या वस्तूवर शिफ्ट-क्लिक केलं की ती बाहेर पडते. एस्केप दाबलं की सगळं सुटतं. नवीन काही पकडण्याआधी एस्केप दाबायची सवय फार उपयोगी पडते. का ते ऑल्टच्या भागात लक्षात येईल.

भरलेला रंग नसलेल्या वस्तूच्या पोटात क्लिक केलं तर ती सापडत नाही, तिच्या रेषेवरच क्लिक करावं लागतं. पत्रिकेभोवतीची बारीक सोनेरी चौकट पकडता येत नाही ती याच कारणाने. अशा वेळी माउसचा नेम सुधारत बसू नका, झूम करा. ४ दाबलं की पूर्ण चित्र खिडकीत बसतं, ५ ने पूर्ण पान, आणि ३ ने सध्याचं सिलेक्शन खिडकीभर होतं. वस्तू पकडली, ३ दाबलं, जवळून खात्री केली, ५ दाबून परत आलो, असं सारखं करत राहायचं.

टॅब दाबत गेलात तर इंकस्केप एकेक वस्तू खालून वर या क्रमाने सिलेक्ट करत जातं, शिफ्ट-टॅबने उलट दिशेने. चिमुकले तुकडे, एकावर एक बसलेल्या दोन सारख्या आकृत्या, चुकून दोनदा पेस्ट झालेला गणपती, हे सगळं टॅबने उघडं पडतं. कंट्रोल-डीने डुप्लिकेट केलं की प्रत मूळ वस्तूच्या अगदी वर बसते आणि सिलेक्शन प्रतीवर जातं, त्यामुळे खाली मूळ वस्तू तशीच राहिली आहे हे डोळ्याला कळत नाही.

माउस ओढून चौकट करताना

रिकाम्या जागेतून माउस ओढला की चौकट तयार होते आणि तिच्यात पूर्णपणे सामावलेल्या वस्तूच सिलेक्ट होतात. जिचा एक कोपराही बाहेर राहिला ती सुटली. इलस्ट्रेटर या दुसऱ्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमधून येणाऱ्यांना हे आधी खटकतं, कारण तिथे चौकटीचा नुसता स्पर्श पुरतो. किनारीच्या आतली फुलं तेवढी उचलायची असतील तर इंकस्केपची ही पद्धत फार सोयीची: चौकट किनारीच्या आतच ठेवायची, किनार आपोआप सुटते.

पण पत्रिकेत रिकामी जागा असतेच कुठे? मागे पानभर रंगीत आयत आहे, त्यावरून माउस ओढला की आयतच सरकतो. इथे शिफ्ट धरून ओढायचं. मग सुरुवात वस्तूवरून झाली तरी चौकटच तयार होते, आणि आत आलेलं सगळं आधीच्या सिलेक्शनमध्ये जमा होतं.

स्पर्शाने निवडायचं असेल तर ऑल्ट धरून ओढा. लाल रेघ उमटते आणि ती ज्या ज्या वस्तूंवरून जाते त्या सगळ्या सिलेक्ट होतात. वेलीवरची पानं एका फटक्यात उचलायला याच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही. एक अट आहे: आधीपासून काही सिलेक्ट असेल तर ऑल्ट-ड्रॅगने तेच हलतं. म्हणून आधी एस्केप. आधीचं सिलेक्शन टिकवून त्यात भर घालायची असेल तर शिफ्ट आणि ऑल्ट दोन्ही धरून ओढा. शिवाय सिलेक्टर चालू असताना वरच्या पट्टीवर एक बटण असतं, ते एकदा दाबून चालू केलं की साधी चौकटही स्पर्शावर चालते.

लिनक्सवर, विशेषतः मिंटच्या सिनॅमन किंवा एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये, ऑल्ट धरून ओढलं की चित्राऐवजी अख्खी खिडकीच सरकते. डेस्कटॉप ती कळ आधीच पकडतो. सिनॅमनमध्ये खिडक्यांच्या (‘विंडोज’ नावाच्या) सेटिंगमध्ये, एक्सएफसीईमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये जाऊन खिडकी हलवण्याची कळ ऑल्टऐवजी सुपर (विंडोजची खूण असलेली कळ) करा. हा बदल केल्याशिवाय इंकस्केपची निम्मी ताकद हाताला लागत नाही.

खाली दडलेली वस्तू

एकाखाली एक वस्तू असतील तर साधा क्लिक नेहमी सगळ्यात वरची उचलतो. ऑल्ट धरून त्याच जागी क्लिक केलं की तिच्या खालची, पुन्हा क्लिक केलं की आणखी खालची. ऑल्ट धरून माउसचं चाक फिरवलं तरी त्या बिंदूखालच्या वस्तू क्रमाने हाती येतात. प्रत्येक वेळी नजर स्टेटस बारवर. शिफ्ट-ऑल्ट-क्लिकने खालची वस्तू आधीच्या सिलेक्शनमध्ये जमा होते.

काही वस्तू दिसतच नाहीत पण असतात: रंग नसलेले, रेषा नसलेले आयत, पांढऱ्यावर पांढरे तुकडे. पीडीएफमधून आलेल्या फाईलमध्ये हे हमखास सापडतात. त्यासाठी कंट्रोल-५ दाबून आउटलाइन मोड लावा. सगळे रंग जातात, उरतो फक्त आकारांचा सांगाडा, आणि लपलेला प्रत्येक आयत दिसू लागतो. पुन्हा कंट्रोल-५ दाबत राहिलं की नेहमीचं दृश्य परत येतं.

ग्रुप न फोडता आत शिरायचं

आता अनग्रुपचा मुद्दा. पत्रिकेचा सगळ्यात बाहेरचा ग्रुप कंट्रोल-शिफ्ट-जीने फोडला तर हरकत नाही, तो पीडीएफच्या रचनेतून आलेला असतो. त्याच्या आत मात्र किनारीचा ग्रुप, गणपतीचा ग्रुप, फुलांचे ग्रुप असतात आणि ते कोणीतरी विचार करून बांधलेले असतात. तेही फोडले की पानावर शेकडो सुटे तुकडे पडतात, आणि गणपती दोन मिलिमीटर वर सरकवायचा झाला तर त्याचे सगळे तुकडे पुन्हा गोळा करत बसावं लागतं.

त्याऐवजी ग्रुपमधली एकच वस्तू हवी असेल तर कंट्रोल-क्लिक करा. ग्रुप जसाच्या तसा राहतो, आतली पाकळी तेवढी सिलेक्ट होते. ग्रुपमध्येच खाली दडलेली वस्तू हवी असेल तर कंट्रोल-ऑल्ट-क्लिक.

आत बरंच काम असेल तर ग्रुपवर डबल-क्लिक करून आत शिरा. आता हा ग्रुप लेअरसारखा वागू लागतो: कंट्रोल-एने फक्त त्याच्या आतल्या वस्तू सिलेक्ट होतात, टॅबही आतल्या आतच फिरतो. किनारीच्या ग्रुपमध्ये शिरायचं, कंट्रोल-ए करायचं, शिफ्ट-क्लिकने एकदोन नको त्या वस्तू वगळायच्या. बाहेर यायला रिकाम्या जागी डबल-क्लिक करा किंवा बाहेरच्या कुठल्याही वस्तूवर क्लिक करा.

इथेच कंट्रोल-एबद्दल. पहिल्यांदा इंकस्केप वापरणाऱ्याला वाटतं की याने सगळं सिलेक्ट होतं. तसं नाही. ते फक्त चालू लेअरमधलं सिलेक्ट करतं. सगळ्या लेअरमधलं हवं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-ए. लपवलेल्या आणि लॉक केलेल्या वस्तू दोन्हींतून वगळल्या जातात. हे वागणं बदलायचं असेल तर एडिट > प्रेफरन्सेस > बिहेवियर > सिलेक्टिंग इथे पर्याय आहेत, पण मुळातले पर्यायच शहाणपणाचे आहेत, ते शक्यतो बदलू नयेत.

उद्गारचिन्हाची कळ सिलेक्शन उलटं करते: जे होतं ते सुटतं, बाकीचं सगळं येतं. गणपती सोडून बाकी सगळं हलवायचं असेल तर गणपतीवर क्लिक आणि मग उद्गारचिन्ह.

एकाच रंगाचं सगळं

पत्रिकेतलं मुख्य काम इथे आहे. एका हिरव्या पानावर कंट्रोल-क्लिक करा, मग एडिट > सिलेक्ट सेम > फिल कलर. त्या रंगाची सगळी पानं, ग्रुपच्या आतलीसुद्धा, एकदम सिलेक्ट होतात. स्टेटस बारमध्ये आकडा बघा. पानं वीस दिसतात आणि आकडा तीन म्हणतो, याचा अर्थ बाकीची पानं वेगळ्या छटेची आहेत. ही जुळणी नेमक्या रंगाची असते, जवळपासच्या रंगाची नव्हे. पीडीएफमध्ये रंगांचं रूपांतर झालेलं असेल तर डोळ्याला एकच वाटणारा हिरवा प्रत्यक्षात दोन-तीन वेगळ्या रंगांचा असू शकतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक छटेचं एकेक पान कंट्रोल-शिफ्ट-क्लिकने जमा करा आणि मग सिलेक्ट सेम चालवा. सिलेक्ट असलेल्या प्रत्येक वस्तूशी जुळणारं सगळं येतं.

याच मेनूत स्ट्रोक कलर, फिल अँड स्ट्रोक, स्ट्रोक स्टाइल आणि ऑब्जेक्ट टाइप हेही आहेत. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली पत्रिका उघडली आणि तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. एक ओळ पकडून ऑब्जेक्ट टाइपने सगळी टेक्स्ट एकदम उचलता येतात, बाजूला ठेवता येतात आणि युनिकोड फॉन्टमध्ये नव्याने टाइप करता येतात.

लाल रंगाबाबत एक अडचण येईल. किनार लाल आहे आणि गणपतीचं पितांबरही त्याच लालमधलं आहे. किनार मरून करायची, पितांबर नाही. सिलेक्ट सेमने दोन्ही येणार. नंतर शिफ्ट-क्लिक करून पितांबराचे तुकडे वगळत बसण्यापेक्षा आधी गणपतीचा ग्रुप लॉक करा (पुढच्या भागातल्या पॅनेलमधल्या कुलपाने), मग सिलेक्ट सेम चालवा. लॉक केलेल्या वस्तू त्यात येत नाहीत. नको ते आधी लॉक करून टाकायचं, ही रीत मोठ्या फाईलमध्ये सगळ्यात जास्त वेळ वाचवते.

पॅनेल

कंट्रोल-शिफ्ट-एलने लेअर्स अँड ऑब्जेक्ट्स पॅनेल उघडतं. पानावरची प्रत्येक वस्तू यात एका ओळीत असते, वरची वस्तू वर, खालची खाली. ग्रुपपुढचा बाण दाबला की आतली यादी उघडते. ओळीवर क्लिक केलं की वस्तू सिलेक्ट. डोळ्याने लपवता येतं, कुलपाने लॉक करता येतं. कॅनव्हासवर क्लिकला न सापडणारी लॉक केलेली वस्तूही इथून सिलेक्ट होते.

नावावर डबल-क्लिक करून नाव बदलता येतं. ‘पाथ’ आणि पुढे चारआकडी संख्या अशा नावांनी काही कळत नाही. ‘किनार-वरची’, ‘गणपती’, ‘मुहूर्त-मजकूर’ अशी सातआठ नावं द्या, पुढची पत्रिका करताना ती कामी येतील.

शोधायचं असेल तर कंट्रोल-एफ. मजकुरातला शब्द, ऑब्जेक्टचा आयडी, फॉन्टचं नाव, यांपैकी कशानेही शोधता येतं. फक्त टेक्स्ट, फक्त चित्रं असा प्रकारही ठरवता येतो. सापडलेलं सगळं सिलेक्ट होऊन येतं.

देवनागरी अक्षरांची खास अडचण

हा भाग परदेशी धड्यांत मिळत नाही. छापखान्यात फॉन्ट नसेल या भीतीने आपण ‘शुभविवाह’ निवडून पाथ > ऑब्जेक्ट टू पाथ करतो. मजकुराचा ग्रुप होतो आणि आत प्रत्येक ग्लिफचा, म्हणजे फॉन्टमधल्या एकेका आकृतीचा, वेगळा पाथ होतो. रोमनमध्ये ग्लिफ म्हणजे साधारण एक अक्षर. देवनागरीत तसं नाही. फॉन्टच्या रचनेप्रमाणे ‘वि’मधली वेलांटी आणि ‘व’ हे दोन पाथ असतात, ‘शु’चा उकार वेगळा असू शकतो, आणि वधूच्या किंवा वराच्या नावातला अनुस्वार तर हमखास सुटा ठिपका असतो.

आता ग्रुप फोडून अक्षरांभोवती चौकट ओढली तर काय होईल? चौकटीची खालची कड अक्षरांच्या पायथ्याशी ठेवली तर ‘शु’चा उकार खाली डोकावतो, पूर्ण आत येत नाही, म्हणून सुटतो. वरची कड शिरोरेषेजवळ ठेवली तर वेलांटीची कमान आणि अनुस्वार सुटतात. मग शब्द सरकतो आणि उकार जागेवरच राहतो, आणि हे छापून आल्यावरच दिसतं. उपाय दोन. एक, पाथ केलेला मजकूर कधीही अनग्रुप करू नका, एक अक्षर हवंच असेल तर कंट्रोल-क्लिक. दोन, फोडावाच लागला तर चौकट वर-खाली भरपूर मोठी ओढा आणि स्टेटस बारमधला आकडा मोजून बघा.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. शेजारच्या ग्लिफच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. सुट्या अक्षरांना अर्धपारदर्शक रंग दिला की प्रत्येक सांध्यावर गडद पट्टा दिसतो. तेव्हा सुटी अक्षरं सिलेक्ट करण्याऐवजी ग्रुप सिलेक्ट करून त्याची ओपॅसिटी कमी करा, किंवा सगळे पाथ सिलेक्ट करून पाथ > युनियनने एकच पाथ करा. युनियननंतर मात्र सुटं अक्षर मिळणार नाही, म्हणून आधी एक प्रत काढून ठेवा.

नोडपर्यंत जायचं तर

एफ२ किंवा एनने नोड टूल घ्या, पाथवर क्लिक करा, नोड दिसतील. पुढचे नियम ओळखीचेच: शिफ्टने भर घालणं किंवा काढणं, रिकाम्या जागेतून ओढून चौकट करणं. नोडवर नेमका क्लिक बसत नसेल तर त्याच्याभोवती छोटी चौकट ओढा.

मेहनतीने केलेलं सिलेक्शन जपायचं

कंट्रोल-झेडने रंग परत येतो, वस्तू परत येते; सिलेक्शन परत येत नाही. चाळीस वस्तू एकेक करून गोळा केल्या आणि चुकून रिकाम्या जागी क्लिक झालं की संपलं. त्या वस्तू पुन्हा लागणार असतील तर त्यांना तात्पुरता भडक, फाईलमध्ये दुसरीकडे कुठेही नसलेला रंग द्या. सिलेक्ट सेमने त्या कधीही परत गोळा होतील. ग्रुप करूनही टिकवता येतं, पण ग्रुप केल्यावर सगळ्या वस्तू त्यांतल्या सगळ्यात वरच्या वस्तूच्या पातळीला येतात. फुलांमागून गेलेली वेल ग्रुपमध्ये घेतली तर ती इतर वस्तूंच्या वर येऊ शकते. अशा ठिकाणी रंगाची युक्ती सुरक्षित.

कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटरवर असाल तर

छापखान्यांत आणि फ्लेक्सच्या दुकानांत कोरलड्रॉ भरपूर चालतं. सवयी बऱ्याच जुळतात. तिथे पिक टूल आहे, चौकटीत पूर्ण आलेली वस्तूच सिलेक्ट होते, ऑल्ट धरून ओढलं की चौकटीला स्पर्श झालेलीही येते. खालच्या वस्तूसाठी ऑल्ट-क्लिक, ग्रुपच्या आतल्या वस्तूसाठी कंट्रोल-क्लिक. टॅबही तसाच फिरतो.

इलस्ट्रेटरमध्ये दोन बाण लक्षात ठेवा. व्ही दाबून काळा बाण, तो पूर्ण वस्तू किंवा ग्रुप उचलतो. ए दाबून पांढरा बाण, तो थेट ग्रुपमधली वस्तू किंवा अँकर पॉइंट (इंकस्केपमधला नोड) पकडतो. खालच्या वस्तूसाठी तिथे कंट्रोल-क्लिक आहे. इंकस्केपमध्ये हाच कंट्रोल-क्लिक ग्रुपच्या आत नेतो, म्हणून दोन्ही वापरणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. ग्रुपवर डबल-क्लिक केलं की आयसोलेशन मोड सुरू होतो आणि बाकीचं चित्र फिकट पडतं. एकाच रंगाच्या वस्तूंसाठी सिलेक्ट > सेम, आणि विखुरलेले सुटे बिंदू काढायला सिलेक्ट > ऑब्जेक्ट > स्ट्रे पॉइंट्स.

पत्रिका छापायला देण्याआधी इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट मेनूतून अनलॉक ऑल आणि अनहाइड ऑल करा, कंट्रोल-ऑल्ट-ए दाबा आणि ४ दाबून बघा. पानाबाहेर दूर कुठे चौकट ताणली गेली असेल तर तिथे एखादा विसरलेला तुकडा पडलेला आहे. टॅबने तिथवर जा आणि तो डिलीट करा.